आर्क्टिकचा शॉर्टकट खरंच स्वस्त पडतो का?

योकोहामाहून रॉटरडॅमला सुएझमार्गे जायचं तर साधारण 11,200 सागरी मैल, आणि सैबेरियाच्या किनाऱ्याने वरून गेलं तर 7,300 च्या आसपास. एवढं इंधन वाचतंय, दिवस वाचतायत, मग सगळ्या कंपन्या तिकडूनच का जात नाहीत?

2018 साली मेर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीने जाऊन बघितलं. वेंटा मेर्स्क, 3,600 कंटेनरचं, बर्फात चालेल असं बांधलेलं नवंकोरं जहाज व्लादिवोस्तोकला फ्रोझन मासळी भरून निघालं, बर्फाच्या पट्ट्यात पुढे अणुशक्तीवर चालणारं आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडत जाणारं जहाज, मागे हे, आणि सप्टेंबर संपता संपता सेंट पीटर्सबर्गला नीट पोचलंसुद्धा. तरी कंपनी म्हणाली की आमच्या नेहमीच्या मार्गाला सध्या हा पर्याय नाही.

कारण कंटेनरचा धंदा मैलांवर चालतच नाही हो, तो चालतो एका डब्यामागे किती खर्च येतो त्यावर. सुएझमधून 24,000 डब्यांची जहाजं जातात, 61 मीटर रुंद, भरली की पाण्याखाली 16 मीटर. इकडे सान्निकोव्ह सामुद्रधुनीत 13 मीटरच्या पुढे जमत नाही आणि आइसब्रेकर जी वाट फोडतो ती त्याच्याच रुंदीची, तीस-चौतीस मीटर. म्हणजे जहाज छोटं घ्यायचं, वर त्याला जाड पत्रा, आइसब्रेकरची फी, वाढीव विमा, आणि वाटेत सिंगापूर-कोलंबोसारखं माल चढवा-उतरवायला एक बंदर नाही.

त्यात भरवसा नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये बर्फ लवकर धरला आणि वीसेक जहाजं अडकली, त्यातल्या खलाशांचा विचार करा, मदत येईपर्यंत नुसतं थांबायचं. दर आठवड्याला ठरल्या दिवशी माल हवा असलेल्या कारखानदाराला हे कसं चालेल?

हां, 2025 मध्ये इस्तंबूल ब्रिज हे जहाज निंगबोहून फेलिक्स्टोला विसेक दिवसांत पोचलं, आणि लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आफ्रिकेला वळसा घालणाऱ्यांना याचं आकर्षण वाटणारच. पण ते उन्हाळा-शरदातलं काम, वर्षभराचं नाही.

2024 मध्ये या मार्गावर जवळपास 3.8 कोटी टन माल गेला, पुतिननी ठरवलेलं टार्गेट होतं 8 कोटी. आणि या टोकाकडून त्या टोकाला गेलेला माल त्यात जेमतेम 30 लाख टन. बाकी बहुतेक सगळा तिथलाच, सैबेरियाच्या उत्तरेकडच्या यामल द्वीपकल्पाचा गॅस, तेल, खनिजं. यामलमधल्या साबेत्ता बंदरातून एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) भरणाऱ्या टँकरला शॉर्टकटशी देणंघेणं नाही, गॅसच तिथे निघतो, दुसरीकडून जाणार कुठून?