झाडाला मोटर नसते

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘वनस्पतींमधील पाणी व अन्नरसाचे वहन’. एवढा कोरडा विषय असूनही आपण आलात. म्हणजे एकतर आपल्याला झाडांची आवड आहे, नाहीतर आजच्या सीरियलमध्ये काही घडणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मला पाऊण तास दिलाय. त्यातली शेवटची पंधरा मिनिटं मी अन्नरसासाठी, म्हणजे पानात तयार होणाऱ्या साखरेच्या रसासाठी, राखून ठेवलीत, असं आत्ता तरी म्हणतो.

आधी माझं आवडतं भांडण. चांगली शिकलेली माणसंही ठासून सांगतात की मुळं जमिनीतलं पाणी शोषतात आणि वर ढकलतात. सोसायटीच्या तळाशी मोटर आणि गच्चीवर टाकी, तसं बुडाशी मूळ आणि वर शेंडा. या मोटरचं बिल कोण भरतं, हे मात्र कुणी विचारत नाही! मोठं झाड उन्हाच्या दिवसात शंभर-दोनशे लिटर पाणी सहज वर नेतं आणि त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांवाटे हवेत सोडून देतं. एवढं पाणी पेशींनी राबून चढवायचं म्हटलं तर झाडाला फळ धरायला ताकद उरायची नाही.

या गोष्टीची सुरुवात द्राक्षाच्या वेलीपासून होते, म्हणून ती नाशिकला सांगायला मला फार आवडते. इंग्लंडमध्ये टेम्सकाठी टेडिंग्टन नावाचं गाव आहे. तिथं स्टीफन हेल्स नावाचे पाद्री होते. चर्चचं काम सांभाळून उरलेल्या वेळात हे गृहस्थ प्राण्यांना आणि झाडांना नळ्या लावत बसायचे. जिवंत घोडीच्या धमनीत पितळी नळी बसवून त्यांनी वर काचेची नळी जोडली; रक्त ८ फूट ३ इंच चढलं. रक्तदाबाचं पहिलं मोजमाप ते हेच. (घोडीला काय वाटलं, ते त्यांनी नोंदवलेलं नाही.)

तर या हेल्सची एक वेल पालवी फुटायच्या ऐन तोंडावर कापली गेली आणि कापातून पाणी गळायला लागलं. छाटणीनंतर काडीतून टपटपणारं पाणी तुम्ही बागेत पाहिलंच असेल. वेल मरेल या धास्तीनं त्यांनी कापावर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा घट्ट बांधला. थोड्या वेळानं पाहतात तर तो टम्म फुगलेला! दुसरा कुणी असता तर दुप्पट घट्ट बांधून झोपी गेला असता. यांनी काचेच्या नळ्या एकीवर एक जोडल्या. पाणी वीस फुटांच्या वर गेलं. वेलीचे हे प्रयोग १७२७ साली छापून आले.

इथं मोटरवाले टाळ्या वाजवतात. थांबा, पुढचं पान उलटा. पानं फुटून मोठी झाली आणि तो जोर ओसरला. ज्या दिवसांत वेलीला सर्वांत जास्त पाणी लागतं, नेमक्या त्याच दिवसांत मुळांचा दाब गायब! उलट पानांसकट कापलेली फांदी नळीत बसवली तर तीच नळीतलं पाणी ओढून घेत होती. मुळांचा दाब खोटा नाही. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबतो आणि आपण त्याला दव म्हणतो. पुष्कळदा तो आतूनच आलेला असतो. पण ते रात्रीचं किरकोळ काम झालं.

मग दिवसा पाणी चढतं कसं? विहिरीच्या काठावर बसवलेली मोटर सात-आठ मीटरच्या खाली गेलेलं पाणी खेचत नाही. म्हणून तर आपण ती आत उतरवतो. हवेच्या दाबावर पाणी फार तर १०.३ मीटर चढतं. कॅलिफोर्नियातला रेडवुड वृक्ष ते ११५ मीटरवर नेतो. इथं केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत पाणी आपसूक चढतं ते, म्हणून कुणीतरी हात वर करतंच. जलवाहिनीची, म्हणजे लाकडातल्या पाण्याच्या नळीची, त्रिज्या २० मायक्रोमीटर धरा. केशाकर्षणानं पाणी चढेल पाऊण मीटर. तुळशीचं भागलं.

उत्तर पानात आहे. पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, कर्बवायू आत घ्यायला उघडली की आतली वाफ बाहेर निसटते. पेशींच्या ओल्या भिंतींतल्या अतिसूक्ष्म छिद्रांत पाणी मागे सरतं, त्याचा पृष्ठभाग ताणला जातो आणि तो मागचं पाणी ओढतो. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके चिकटून असतात की ती ओढ पानापासून थेट मुळापर्यंत पोचते. बिल सूर्य भरतो. डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी हे १८९४ मध्ये मांडलं. जलवाहिन्या स्वतः मेलेल्या पेशींच्या असतात. आतलं सगळं विरघळून गेलेलं, उरतात त्या जाड लाकडी भिंती. त्याच सुमारास जर्मनीत स्ट्रासबर्गर यांनी २० मीटरहून उंच ओक बुडाशी कापून विषारी द्रावणात उभा केला. विषानं वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, तरी पाणी वर जातच राहिलं.

आता कुणीतरी जगदीशचंद्र बोसांचं नाव घेणार; दरवेळी घेतात. बोस मोठेच. जिवंत पेशींच्या स्पंदनानं रस चढतो, असं त्यांनी १९२३ मध्ये मांडलंही. पण हा मुद्दा पुढे टिकला नाही, आणि त्यानं बोस लहान होत नाहीत. पाण्यावर खरंच ताण असतो का, हे १९६५ मध्ये शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. डग्लस फर नावाच्या उंच झाडाच्या शेंड्याची डहाळी हवी होती, चढणार कोण? बंदुकीनं गोळी झाडून पाडली. वनस्पतिशास्त्र बेचव असतं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

आता आमच्या गल्लीतला कडुनिंब. हा विषयाला सोडून नाही, जरा ऐका. एका उत्सवात त्याच्या खोडाला रोषणाईची तार करकचून बांधली. उत्सव संपला, दिवे उतरले, तार राहिली. खोड जाड होत गेलं, तार सालीत रुतली आणि तिच्या वर खोडाला हातभर फुगवटा आला. मी बांधणाऱ्यांना भेटलो. ते म्हणाले, ‘सर, पुढच्या वर्षी लागेलच की.’ मग मी एका कार्यालयात अर्ज दिला. मला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. दुसऱ्या खिडकीनं झाडाचा फोटो मागितला. फोटो नेला तर म्हणाले, यात तार दिसत नाही. बरोबरच आहे हो, ती आत गेलीय हीच तर तक्रार! शेवटी एक गृहस्थ स्वतः पाहायला आले, मान वर करून बघितलं आणि म्हणाले, ‘सर, झाड तर हिरवंगार आहे. तुम्ही उगाच काळजी करता.’ मला चहा पाजून गेले. हे झाड वाळेल तेव्हा पंचनाम्यात ‘वाळवी’ लिहिलेलं असेल, हे मी तुम्हाला आजच सांगून ठेवतो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं! अध्यक्षांचंही भाषण व्हायचंय. बरं, अन्नरस.

पाणी जातं लाकडातून. पानात तयार झालेली साखर जाते सालीच्या आतल्या थरातून, रसवाहिन्यांतून. या पेशी जिवंत असतात, केंद्रक मात्र गमावलेल्या. शेजारच्या सहपेशी त्यांना सांभाळतात. पानाजवळ साखर ऊर्जा खर्चून रसवाहिनीत भरली जाते, तिच्यामागे जलवाहिनीतलं पाणी शिरतं, दाब वाढतो. जिथं साखर काढून घेतली जाते, मूळ असो, घड असो, कोवळी पालवी असो, तिथं दाब उतरतो. रस जास्तीकडून कमीकडे वाहतो, साधारण तासाला मीटरभर. हे १९३० मध्ये म्युंख यांनी मांडलं. म्हणजे पाणी ओढलं जातं, रस ढकलला जातो. मावा नावाची कीड या दाबावरच जगते: सोंड रसवाहिनीत खुपसली की रस आपसूक पोटात. जास्तीची साखर मागून बाहेर पडते, तोच पानावरचा चिकटा.

क्षारांचं एका वाक्यात: नत्र, पालाश पाण्यात विरघळून वर जातात, पण मुळाच्या आत पेशींच्या भिंतीत पाणी अडवणारी कॅस्पेरियन पट्टी असते, तिथं त्यांना जिवंत पेशीतूनच जावं लागतं आणि काय आत घ्यायचं ते पेशी ठरवते.

म्हणून कडुनिंब हिरवा आहे. लाकूड शाबूत, पाणी पोचतंय. साखर मात्र तारेपाशी अडली, वर फुगवटा आला आणि खाली मुळं उपाशी. जवळचा साठा पुरेल तोवर, वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, झाड हिरवंच दिसेल. सतराव्या शतकात माल्पिघी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञांनी सालीचं कडं काढून हाच फुगवटा पाहिला होता. आपले बागायतदार गर्डलिंग करतात, म्हणजे सालीचं बारीक कडं काढतात, ते याच तत्त्वावर: साखर घडांकडे थांबते, मणी फुगतात. पण ते कडं चार-पाच मिलिमीटरचं, काही आठवड्यांत भरून येणारं. तार भरून येत नाही. माडाचं वेगळं, त्याच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या, म्हणून पायऱ्या खोदूनही तो उभा असतो.

कुणी विचारलंय, रुतलेली तार काढायची कशी. उपसून काढू नका, साल फाटेल. दिसतो तेवढा भाग दोन्हीकडून कापा, पीळ सुटेल, आत गेलेला तुकडा तसाच राहू द्या. आणि पकड घरून न्या. कार्यालयात ती नसते, मी विचारलंय.