काल कशाला हात लावलास?

श्रोतेहो, नमस्कार.

तोंडानं गाडीचा आवाज काढणं हे काम मी लहानपणी फुकट करायचो. आज आकाशवाणी त्याचं मानधन देते आहे, तेव्हा आधी तेच ऐका. चफ्, चफ्, चफ्, चफ्. ठोका कोरडा, हवेचा, घाईघाईचा. आजची सगळी गोष्ट या आवाजाची.

गाडी आमची जुनी. १९९७ सालची मारुती आठशे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. घरच्यांनी तिची आशा सोडली आहे, मी सोडलेली नाही. एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फाटकी सतरंजी अंथरली आणि तिची सर्व्हिसिंग स्वतःच केली. इंजिन ऑइल बदललं, ऑइल फिल्टर बदलला, एअर फिल्टर नवा टाकला, तिन्ही स्पार्क प्लग नवे बसवले. हात कोपरापर्यंत काळे आणि छाती फुगलेली. किल्ली फिरवली तर चफ्, चफ्, चफ्. सकाळी हा आवाज नव्हता, हे मी शपथेवर सांगायला तयार होतो.

एका गॅरेजवाल्याला फोन लावला आणि मोबाइल बॉनेटपाशी धरला. पलीकडून निदान आलं, "टॅपेट वाजतायत साहेब, हेड खोलावं लागेल." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग. जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन येत होते. आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलेलं. ते थांबले, क्षणभर ऐकलं आणि बॉनेटमध्ये न डोकावताच म्हणाले, "काल कशाला हात लावलास?"

मी चार कामं सांगितली, गॅरेजवाल्याचं निदानही सांगितलं. "मग टॅपेट कुठून आले मध्येच? तू त्यांना हात लावलास का?"

"नाही काका."

"मग त्यांना कशाला बोल लावतोस!"

सकाळी दहापर्यंत बरे असलेले टॅपेट दुपारी एकला, नेमके आपण पाना खाली ठेवल्यावर, बिघडतील असं सहसा होत नाही. योगायोग असू शकतो, पण त्याचा नंबर शेवटी. आधी आपण केलेली कामं उलट्या क्रमानं तपासायची. आणि एक गोष्ट कबूल करतो. सर्व्हिसिंगनंतर आपले कान फार तिखट होतात. कित्येक आवाज वर्षभर चालू असतात, फक्त आपण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकतो. म्हणून काम सुरू करण्याआधी इंजिन चालू करून मोबाइलवर मिनिटभर आवाज टिपून ठेवावा. मी तो टिपला नव्हता.

आता ऑइलचं बघा. नवा फिल्टर कोरडा असतो. पहिल्यांदा इंजिन चालू केलं की तो भरेपर्यंत दोन-तीन सेकंद वरच्या बाजूला टिकटिक होते, ऑइलचा लाल दिवा लागतो आणि विझतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. दिवा विझलाच नाही, तर मात्र किल्ली लगेच बंद. मग जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहून त्यावर नवा फिल्टर चढला नाही ना, ते बघायचं. दोन रबरांच्या फटीतून ऑइल सगळं खाली वाहून जातं. काकांनी माझी डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून काढली. पातळी बरोबर होती. जमिनीवर थेंब नव्हता. ऑइल निर्दोष सुटलं.

मग ते म्हणाले, "आता लय ऐक."

हे मला फार आवडलं. आपल्याकडे तबला ऐकणारे पुष्कळ आहेत, त्यांना पटकन कळेल. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन मिनिटाला साधारण ९०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १५. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरचा प्लग दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, आणि त्याचे व्हॉल्व्हही दोन फेऱ्यांत एकदाच उघडतात. म्हणजे सेकंदाला साडेसात. टॅपेटचा आवाज या लयीत येतो, आणि एखाद्या सिलिंडरमधून हवा गळत असेल तर तोही. खाली क्रँकचं, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, बेअरिंग खराब झालं असेल तर तिथला ठोका साधारण दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, चालतो, जड असतो, ठक् ठक् असा पायाला जाणवतो आणि चढावर, लोड आला की वाढतो. तो ऐकला तर गाडी जागची हलवू नये, सरळ टो करून न्यावी. साडेसात कुणाला मोजता येत नाहीत, मान्य आहे. पण ठाय, म्हणजे मूळची संथ लय, आणि दुगुन यांतला फरक मोजायला लागतच नाही.

आमचा चफ् ठाय लयीतला होता. म्हणजे टॅपेट किंवा गळती. टॅपेटचा आवाज धातूचा असतो, शिलाई मशीनसारखा. आमचा हवेचा होता.

काकांनी माझा सर्वांत लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. त्याचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि मलाही ऐकवलं. टिकटिक होती, पण शांत, एकसारखी. हे करताना बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब राहा. विजेवरचा पंखा न सांगता फिरायला लागतो. ओढणी, मफलर, लोंबती बाही काहीही नको. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

मग इंजिन बंद करून त्यांनी पहिल्या प्लगची वायर काढली, तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवून ठेवलं आणि चालू करायला सांगितलं. इंजिन लंगडायला लागलं, चफ् तसाच. पुन्हा बंद. आता मधली वायर. इंजिन लंगडलं आणि चफ् एकदम मऊ पडला. चालू इंजिनवर वायरला हात लावू नका, झटका जबर बसतो. नव्या गाड्यांना हा प्रयोग फार वेळ करूही नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

कारण उघड होतं. मधल्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नव्हता, म्हणून गळणाऱ्या हवेचा जोरही उतरला होता. काकांनी बोट प्लगच्या बुडाशी फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर काजळीचं काळं वर्तुळ.

मला तेव्हा आठवलं. मधला प्लग मी हातानं शेवटपर्यंत फिरवला होता आणि प्लग पाना उचलणार तोच वरून पोह्यांची हाक आली होती. पोहे खाऊन आलो तो सरळ तिसऱ्या प्लगकडे गेलो.

इंजिन गार होऊ दिलं आणि पाना लावला. वॉशरवाला नवा प्लग हातानं टेकला की पुढे अर्धा फेरा, फार तर दोन तृतीयांश. त्यात वॉशर दबतं आणि बैठकीतली फट बंद होते. जुना प्लग परत घालायचा असेल तर वॉशर आधीच दबलेलं असतं, घड्याळाच्या एका तासाएवढं फिरवलं तरी पुरतं. आपली सवय उलटी, अंगात जोर आहे तितका लावायचा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्चाला अंत नाही. आणि सैल ठेवला तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, तो भाजून निघतो. मी तसाच पुण्याहून साताऱ्याला निघालो असतो, तर खंबाटकी घाटात काय झालं असतं याचा विचार करत नाही.

किल्ली फिरवली. चफ् गेला.

पण काका जायला तयार नव्हते. "रेस दे. हळूहळू." एका ठरावीक वेगाला कुठून तरी खुळखुळ आली, वेग थोडा वाढवला तशी नाहीशी झाली. सैल पत्र्याचं असंच असतं, त्याचा स्वतःचा एक सूर असतो, इंजिन त्या सुराला आलं की तो थरथरतो. पुढे गेलं की गप्प. काकांनी एअर फिल्टरच्या डब्यावर तळहात ठेवला. खुळखुळ थांबली. उचलला, सुरू. झाकणाची एक क्लिप नुसती टेकून राहिली होती, अडकलीच नव्हती.

मी अंगठ्यानं ती दाबली. कट्.

काकांनी दुधाची पिशवी उचलली. "हा आवाज काल झाला होता का रे?"

नव्हता झाला.

नमस्कार.