गडग्यांपलीकडचे रान

संगमेश्वर तालुक्यातील या डोंगरउतारावर हिरव्याच्या तीन छटा दिसतात: नुकतीच तोड झालेले उघडे रान, फुटव्यांनी भरू लागलेले रान आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाने उरलेले जुने, उंच रान. मधले गडगे, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंती, मालकीच्या हद्दी दाखवतात. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याकडे जंगल अगदी थोडे आहे. बहुतेक रान सातबाऱ्यावरचे, अनेक सहहिस्सेदारांच्या मालकीचे आहे.

या बेहड्याच्या ढोलीकडे पाहा. मोठ्या धनेशाची, म्हणजे इथल्या माडगरुडाची, मादी आत बसली असून विष्ठेने लिंपलेल्या तोंडाशी केवळ चोच मावेल एवढी फट उरली आहे. पिल्लू मोठे होईपर्यंत नर याच फटीतून वड-उंबराची फळे भरवतो. ढोली एका मालकाच्या रानात, उंबर दुसऱ्याच्या आणि वड पऱ्यापलीकडे तिसऱ्याच्या रानात, अशी त्याची रोजची फेरी असते.

म्हणूनच तोडीचे नियोजन एका गटापुरते, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यापुरते, करून भागत नाही. गावाचा गटनकाशा पसरून त्यावर आधी पऱ्ये, झरे, देवराहाटी (देवासाठी राखलेले रान), ढोलीची झाडे आणि वड-उंबर नोंदवावे लागतात. पऱ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा तोडीतून कायमचा वगळावा लागतो, आणि हाच निर्णय आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. उरलेल्या रानात तोडीची पाळी लावायची, म्हणजे लगतचे गट एकाच हंगामात उघडे पडत नाहीत आणि ऐन-किंजळीसारख्या झाडांच्या खुंटांना फुटून वर यायला अवधी मिळतो. १९६४च्या वृक्षतोड कायद्यानुसार ठरावीक झाडांसाठी परवानगी लागते खरी, पण ती एकेका मालकाच्या अर्जावर मिळते. शेजारच्या गटात त्याच वर्षी काय तुटणार आहे, हे त्या अर्जातून कळत नाही.

राखलेल्या झाडाचे उत्पन्न बुडते, ही मालकांची अडचण खरी आहे. मात्र बेहड्याची फळे त्रिफळा चूर्णासाठी लागतात आणि ती पुढच्या हंगामातही विकता येतात. खोड एकदाच विकले जाते.

उतार एकदम उघडा पडला, की माती पऱ्यात उतरते आणि झरे लवकर आटतात.

नकाशा तयार झाला तरी सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय तो लागू होत नाही, आणि त्यांतले अनेक जण मुंबईत असतात. पाऊस सरल्यावर तोडीचे व्यवहार सुरू होतात. त्याआधी हे सगळे एकत्र भेटतात ते गणपतीत, त्यामुळे नकाशावरची बैठक त्याच दिवसांत घ्यावी लागते.