सोळाव्या वर्षाचा रकाना

(कोथरूड. जेवणाच्या टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी रिकामी होते आहे.)

ही पिशवी कपाटाच्या लॉकरमध्ये असते. सोनाराच्या पावत्यांखाली. आत एक गुलाबी कार्ड आहे. घडीवर चिकटपट्टी लावलेली, आणि आता ती चिकटपट्टीसुद्धा पिवळी पडलेली.

जन्मतारीख 22 जुलै 2007. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, कावीळ ब, गोवर. प्रत्येक ओळीत तारीख, डॉक्टरांची सही आणि कुपीवरून सोलून चिकटवलेला इवलासा स्टिकर. पहिल्या दोन वर्षांत एकही रकाना रिकामा नाही. मूल रांगत असतं तेव्हा लसीची तारीख आजीलाही तोंडपाठ असते.

कॅमेरा खाली सरकतो तशी शाई विरळ होत जाते. पाच वर्षांचा बूस्टर झालाय. पुढे दहा वर्षांच्या ओळीत काही नाही. सोळा वर्षांच्या ओळीतही काही नाही. आणि तिथे कार्ड संपतं.

(आईच्या हातात दुसरा कागद. संगणकाची छापील प्रत.)

दहाव्या वर्षाचं उत्तर या कागदावर आहे. तेव्हा हे कुटुंब न्यू जर्सीत होतं. तिथे सहावीत जायचं तर मेनिंगोकॉकल लसीचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका जंतूवरच्या लसीचा, एक डोस शाळेला दाखवावाच लागतो. लेक सहावीत गेली, डोस झाला, नोंद झाली. 09/08/2018. बाबा मोठ्याने वाचतात, ‘नऊ ऑगस्ट.’ लेक लगेच सुधारते, ‘बाबा, आठ सप्टेंबर! तिकडे महिना आधी लिहितात.’ ही चूक लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

2019 साली सगळे पुण्यात परतले. आता, 2025 मध्ये, लेक टेक्ससला शिकायला निघाली आहे. विद्यापीठाचा आरोग्याचा फॉर्म मे महिन्यात आला. त्यात मेनिंजायटिसचा, म्हणजे याच सुजेचा, प्रश्न होता. आईचं उत्तर तयार होतं, ‘अगं, ती घेतलीय ना तू तिकडे असताना!’

घेतलीय. पण एकच डोस घेतलाय, तोही जवळजवळ सात वर्षांपूर्वी.

(चार अक्षरांची पाटी : ए, सी, डब्ल्यू, वाय.)

थोडा घोळ आपल्या भाषेचाही आहे. मेंदूज्वराची लस म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना जपानी मेंदूज्वराची लस आठवते. तो विषाणू वेगळा, तो डासांतून येतो. लहानपणीची हिबची लस आणि न्यूमोकॉकलची लसही मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतूंवरच असते, पण ते जंतूही वेगळे. फॉर्ममध्ये विचारलाय तो मेनिंगोकॉकस. तो नाकात-घशात राहतो. दहा मोठ्या माणसांमागे साधारण एकाच्या घशात तो निमूटपणे असतो आणि त्याला काही होत नाही. एकाच खोलीत झोपणं, एकाच बाटलीतून पाणी पिणं, म्हणजे होस्टेलचं रोजचं जगणं त्याला सोयीचं. त्याचे गट आहेत, आणि या लसीत त्यांपैकी चार : ए, सी, डब्ल्यू आणि वाय. बी गट यात नाही, त्याची लस निराळी. 2013 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात साथ आली ती नेमकी बी गटाची. तेव्हा अमेरिकेत त्यावर परवाना असलेली लसच नव्हती. खास परवानगी काढून बाहेरून आणावी लागली.

आजार झाला तर उपचार मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा रुग्ण दगावतात, वाचलेल्यांपैकी काहींना बहिरेपण येतं, काहींचे हातपाय कापावे लागतात. पुढे जाऊ.

(कॅलेंडर, अकरावी प्रवेशाची यादी, क्लासची फी पावती.)

पण दुसरा डोस लागतोच का, आणि तो सोळाव्या वर्षीच का? अमेरिकेने 2005 मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना ही लस द्यायला सांगितलं तेव्हा एका डोसवर कॉलेजची वर्षं निघतील असा अंदाज होता. काही वर्षांतच दिसलं की पाच वर्षांच्या आतच संरक्षण ओसरू लागतं. म्हणजे ज्या वयात धोका पुन्हा वाढतो, त्याच वयात अंगातला साठा कमी. म्हणून 2010 मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने सोळाव्या वर्षी दुसरा डोस जोडला.

या घरात लेकीला सोळा वर्षं पूर्ण झाली जुलै 2023 मध्ये. न्यू जर्सीत असते तर डॉक्टरांकडून निरोप आला असता. पुण्यात तो कोण देणार? आपल्या सरकारी लसीकरणात ही लस नाही, आणि इथले बालरोगतज्ज्ञही ती सरसकट सगळ्यांना देत नाहीत. त्या जुलैत घरात चर्चा चालू होती ती अकरावीची दुसरी यादी लागली का, आणि कटऑफ किती खाली आला याची. खरं सांगायचं तर, त्या महिन्यात कुठल्या घरात लसीचं कार्ड बाहेर निघतं?

टेक्ससचा कायदा मात्र तारीख बघतो. बावीस वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याने मागच्या पाच वर्षांत डोस घेतलेला हवा, आणि तोही वर्ग सुरू व्हायच्या किमान दहा दिवस आधी. दोन विद्यार्थ्यांचं नाव त्या कायद्याला आहे. त्यातली एक पाय आणि बोटं गमावून जगली, दुसरा गेला.

(दवाखाना. फ्रिजचं दार उघडतं.)

हे आमचं आवडतं चित्रीकरण. दारावर तापमानाचा तक्ता, सकाळ-संध्याकाळ भरलेला. दोन ते आठ अंश. ही लस इथे रोज लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी ती मागवून घेतली. किंमत काही हजारांत.

खोक्यात दोन कुप्या आहेत. एकीत पांढरी भुकटी, दुसरीत पाणी वाटावं असा द्रव. पण ते नुसतं पाणी नाही. भुकटीत ए गट आहे, द्रवात सी, डब्ल्यू आणि वाय. नर्सताई द्रव सिरिंजमध्ये ओढतात, भुकटीच्या कुपीत सोडतात, कुपी तळहातावर हलकेच फिरवतात. घाईत कुणी नुसता द्रवच टोचला तर चारातला एक गट राहून जातो, आणि बाहेरून कुणाला कळतही नाही. म्हणून त्या दोन्ही कुप्यांचे स्टिकर कागदावर लावतात. बघा, एक, आणि हा दुसरा.

लेक दुसरीकडे बघते. झालं.

(हडपसर. रस्त्यावरून दिसणारं कारखान्याचं फाटक.)

दवाखान्यापासून हे फाटक काही फार लांब नाही. आम्ही बाहेरूनच चित्रीकरण केलं. सिरम इन्स्टिट्यूट. तिची गोष्ट या पिशवीत मावणारी नाही, पण ती टाळून पुढे जाणं पुणेकराला जमायचं नाही.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या पोटावरून एक पट्टा जातो, मेनिंजायटिसचा पट्टा. 1996-97 च्या साथीत तिथे अडीच लाखांच्या आसपास लोक आजारी पडले, पंचवीस हजार गेले. ए गटाची लस होती, पण ती जंतूच्या साखरेच्या कवचाची, तिची आठवण शरीराला फार दिवस राहत नसे. ती साखर एखाद्या प्रथिनाला जोडली की आठवण टिकते. असं जोडकाम करून लस द्यायची, आणि डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवायची, हे काम या फाटकाच्या आत झालं. प्रथिन घेतलं धनुर्वाताच्या लसीतलं. 6 डिसेंबर 2010 ला बुर्किना फासोत ती लस टोचायला सुरुवात झाली. एक ते एकोणतीस वयाच्या सगळ्यांना एक डोस. पुढे ती चार दिवस फ्रिजबाहेर, चाळीस अंशांपर्यंत चालते यावरही शिक्कामोर्तब झालं, आणि बर्फाच्या पेट्या वाहायचं ओझं कमी झालं. 2017 नंतर त्या पट्ट्यात ए गटाचा एकही रुग्ण प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नाही. आता पाच गटांची लस आली आहे, तीही इथलीच. 2024 मध्ये ती सगळ्यात आधी नायजेरियाला मिळाली.

तिथे गावंच्या गावं एका झाडाखाली रांगेत उभी राहिली. कुणाच्या आईला फाइल शोधावी लागली नाही.

(लॅपटॉपचा पडदा. लाल अक्षरं.)

आपल्याकडे ती शोधावी लागते. डॉक्टरांनी दाखला दिला, सही-शिक्का, दोन्ही स्टिकर, सगळं चोख. तारीख लिहिली 12/06/2025. लेकीने फोटो काढून विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवला. तीन दिवसांनी उत्तर आलं, दाखला नामंजूर. डोसची तारीख अजून यायची आहे.

त्यांनी वाचलं, सहा डिसेंबर.

बाबा हसतात, आई हसत नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पुन्हा नंबर लावला, पुन्हा दाखला, या वेळी महिना अक्षरांत. डॉक्टरांनी आता सगळ्यांसाठीच तशी सवय लावून घेतलीय.

(पुन्हा टेबल. संध्याकाळ.)

न्यू जर्सीचा कागद, नवा दाखला आणि गुलाबी कार्ड, तिन्ही एका पारदर्शक फोल्डरमध्ये जातात. स्कॅन करून एक प्रत आईच्या मेलवर, एक लेकीच्या. फोल्डर लेकीच्या हातसामानात जाणार, मोठ्या बॅगेत नाही. त्यावर बराच वाद झाला, तो आम्ही चित्रित केला नाही.

कार्ड आत सरकवण्याआधी आई ते पुन्हा बाहेर काढते. या लसीसाठी त्यावर रकानाच छापलेला नाही. ती सोळाव्या वर्षाच्या ओळीखाली, समासात, बॉलपेनने लिहायला लागते. मेनिंगो, दुसरा डोस. तारखेपाशी हात थांबतो.

लेक पेन घेते आणि लिहिते, 12 जून 2025.