एकच, की एकाच वेळी अनेक?

(काळा पडदा. एकेक करून तीन आकडे उमटतात.)

सात, पाच, पाच. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर रोज काम करणाऱ्या कुणालाही हा आकडा दाखवा, तो लगेच सांगेल: फाइलच्या मालकाला सगळी मुभा, बाकीच्यांना फक्त वाचायची आणि चालवायची. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. प्रत्येक परवानगीला स्वतःचा एक बिट, म्हणजे ० किंवा १ ची एक जागा आहे, म्हणून ५ हा आकडा ४ आणि १ असाच सुटतो, दुसरा कसाही नाही. पूर्णांकातले फ्लॅग म्हणतात ते हेच, आणि इथे ते अगदी चपखल बसतात.

आता एक ऑर्डर घ्या. ती नोंदवलेली असेल, पाठवलेली असेल, पोहोचलेली असेल किंवा रद्द झालेली असेल. या चार अवस्थांनाही कुणी १, २, ४, ८ असे बिट दिले तर? मग १० हा आकडाही वैध ठरतो. म्हणजे पाठवलेली आणि त्याच वेळी रद्द झालेली ऑर्डर! प्रोग्राम ती मुकाट्याने जपून ठेवेल. इथे एनम हवा: ठरलेल्या नावांपैकी एका वेळी एकच.

म्हणून मी आधी एवढंच विचारतो: यातलं एकच खरं असेल, की अनेक एकदम?

(पडद्यावर फाइल उघडण्याची एक ओळ. त्यातला एक आकडा मोठा होत जातो.)

हा प्रश्न किती नाजूक आहे ते लिनक्समध्ये फाइल उघडताना दिसतं. फक्त वाचायचं असेल तर ०, फक्त लिहायचं तर १, दोन्ही करायचं तर २. नीट बघा. हे फ्लॅग असते तर ‘दोन्ही’साठी ३ लागले असते. ‘वाचायचं’ म्हणजे शून्य, आणि शून्यात एकही बिट पेटलेला नसतो. ‘वाचायचा बिट आहे का’ असं विचारलं की उत्तर कायम ‘नाही’च. कारण खालचे दोन बिट मिळून खरं तर एक एनम आहे. ‘फाइल नसेल तर तयार कर’, ‘शेवटी जोडत जा’ या सूचना मात्र त्याच आकड्यात, वरच्या बिटांवर, खरेखुरे फ्लॅग म्हणून बसतात. म्हणून आधी ते दोन बिट वेगळे काढायचे आणि मगच तुलना करायची. पहिल्यांदा यात फसत नाही असा माणूस विरळाच.

निक्लाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कल या प्रोग्रामिंग भाषेमध्ये या दोन गरजा वेगळ्या ओळखल्या होत्या: एकासाठी नावांचा प्रकार, अनेकांसाठी त्याच नावांचा संच. ही विभागणी मला आजही सुंदर वाटते. सी भाषेत मात्र एनम नावापुरताच वेगळा; त्यात कुठलाही पूर्णांक टाका, चालून जातो. सी++ ने २०११ मध्ये कडक एनम आणला. जावाने तर २००४ मध्येच एनमसोबत त्याचा संचही दिला. ६४ पर्यंत नावं असतील तर आतून तो एका लाँगमधलेच, म्हणजे ६४ बिटांच्या एका पूर्णांकातलेच, बिट वापरतो. वेगासाठी संचाऐवजी उघडे आकडे हवेतच, असं काही जण म्हणतात; ते तिथे टिकत नाही.

(पडद्यावर डेटाबेसचा तक्ता. एका रकान्यात नुसते आकडे.)

एनममध्येही एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. अवस्थांचा नुसता क्रमांक, म्हणजे एनमच्या यादीतली जागा, डेटाबेसमध्ये साठवला होता. पुढे मधोमध एक नवी अवस्था घातली. कोड तपासून भाषांतर करणाऱ्या कंपायलरची तक्रार नाही, टेस्ट हिरव्या, म्हणजे सगळ्या पास. पण खालचे सगळे क्रमांक एकाने सरकले आणि जुन्या नोंदींचे अर्थ बदलले. पोहोचलेल्या ऑर्डरी पुन्हा वाटेत दिसू लागल्या.

तेव्हापासून प्रोग्रामबाहेर जाणाऱ्या प्रत्येक नावापुढे मी आकडा हाताने लिहितो. अवस्था कोडमधून काढली तरी तिचा आकडा दुसरीला देत नाही. फ्लॅगचंही तसंच: नव्या फ्लॅगला पुढचा मोकळा बिट, आणि निवृत्त झालेल्या बिटाची जागा रिकामीच.