सतराचा पाढा आणि चांदणी चौक

मंडळी, मी काही खेळाडू नाही. बँकेत तीस वर्षं खुर्चीत बसलेला माणूस आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी वजन चौऱ्याण्णव, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना दुसऱ्या मजल्यावर चप्पल नीट करायचं निमित्त काढून थांबायचो. शेजाऱ्यांना ते निमित्त कळत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

२०१५ साली नाशिकचे दोघे डॉक्टर भाऊ, हितेंद्र आणि महेंद्र महाजन, 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण करून आले. जवळजवळ पाच हजार किलोमीटर! पेपरात वाचलं आणि त्याच रविवारी मुलाची पार्किंगमध्ये गंजत पडलेली सायकल बाहेर काढली. दोन्ही चाकांत हवा मारली, पुण्यात कोथरूडहून निघालो तो थेट चांदणी चौकाच्या चढावर. अर्ध्यावर डोळ्यांपुढे काजवे. कठड्यावर बसलो होतो, तेवढ्यात दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले एक दूधवाले काका, माझ्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे, साध्या बिनगिअरच्या सायकलवरून उभ्यानं पायडल मारत वर निघून गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खरी चूक पुढे झाली. तिसऱ्या आठवड्यात दम लागायचा कमी झाला, तसा मला माज आला. एकदम चाळीस किलोमीटर मारले. दुसऱ्या दिवशी गुडघा असा धरला की जिना उलटा उतरायला लागलो. सहा आठवडे सायकल बंद!

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. हृदय आणि श्वास लवकर तयार होतात. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. पण गुडघ्याभोवतीच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना, रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यांना महिने लागतात. छाती म्हणते चल, आणि गुडघ्याची अजून तयारी नसते. वर माझी सीट खाली होती आणि गिअर जड. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवतात, मग गुडघा सतत दुमडलेला राहून सगळा भार त्याच्यावर. टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. चढावर पुढची चकती लहान, मागची मोठी, आणि पाय भराभर फिरू द्या. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे बसले तर गुडघा तुमचं नाव घेणार नाही.

आता वेग किती ठेवायचा? मनगटावरचं घड्याळ बाजूला ठेवा. सतराचा पाढा मोठ्यानं म्हणत चालवा. सतरा, चौतीस, एक्कावन्न... अडुसष्टला आवाज तुटला, तर तुम्ही जोरात चालला आहात. नव्या माणसानं पहिले तीन-चार महिने बहुतेक दिवस असंच, पाढा म्हणता येईल इतकं हळू चालवावं. लोक बघतात, बघू देत. पाढा चुकला तर मात्र तो दोष सायकलचा नाही.

वजनाचं विचाराल, तर पहिल्या चार महिन्यांत फक्त तीन किलो उतरलं. कारण खडकवासल्याला जायचं आणि चौपाटीवर दोन प्लेट कांदाभजी हाणून यायचं, असा आमचा कार्यक्रम. पण सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी चौऱ्याऐंशीवरून अडुसष्टवर आली होती. मला त्याचंच अप्रूप जास्त.

चांदणी चौकाचा चढ न उतरता संपवला तो अकराव्या महिन्यात. वर पोचलो तेव्हा पाढा एकशे दोनवर होता. दूधवाले काका त्या दिवशी दिसले नाहीत, नाहीतर मीच हाक मारली असती.

सायकल खाली जिन्याशी उभी आहे. ज्यांना आपली सीट बरोबर आहे का बघायचंय, त्यांनी चहा घेऊन तिकडेच या. पाना मी आणलाय.