नवतपा ते यवतेश्वर: आईचा उन्हाळा

हा जो घरघर आवाज येतोय ना, तो कूलरचा आहे. स्क्रीन काळी दिसतेय कारण अजून लाइटच लावलेला नाही. पहाटेचे सव्वाचार, २७ मे, नागपूर. नवतपाचा तिसरा दिवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की २५ मेच्या आसपासचे नऊ दिवस आमच्या विदर्भात जी तपन असते तिला नवतपा म्हणतात. दुपारी पारा ४५ च्या आसपास, आणि रस्त्यावर कर्फ्यू लागल्यासारखी शांतता. आणि या अशा दिवसांत आई तिकडे दाराजवळ बसून बुटाच्या लेस बांधून राहिली आहे.

आजीला जाग येतेच. रोज येते आणि रोज ती एकच विचारते, "कोठं चालली वं एवढ्या अंधारात?" आई पण रोज तेच सांगते, "येते आत्या, तासाभरात." आजी उशाशी ठेवलेला कांदा काढून तिला देते, ऊन लागू नये म्हणून, आई तो निमूट घेते आणि माझ्या गाडीच्या डिक्कीत टाकते. मागच्या आठवड्यात डिक्की उघडली तर आत सहा कांदे होते.

आई ४९ वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शुगर बॉर्डरवर आहे म्हणून चालायला सांगितलं, तर ती चालायला लागली, मग चालता चालता एक दिवस पुढच्या विजेच्या खांबापर्यंत पळून बघितलं, मग दोन खांब, असं करत करत ती पंजाबी ड्रेसवरच पाच किलोमीटर पळायला लागली, आणि कॉलनीतले लोक बघतात म्हणून सुरुवातीला ती तोंडाला दुपट्टा बांधून जायची, उन्हाचं निमित्त करून. आता टी-शर्ट घालते आणि कोणी बघितलं तर हात करते.

हा लॉ कॉलेज चौक, इथून रवी नगर आणि मग खाली फुटाळा तलाव. मी मोपेडवर मागे आहे, कारण अंधारात एकटीने जायचं नाही हा बाबांचा नियम, आणि कुत्र्यांच्या बाबतीत तो बरोबरच आहे. आता नीट बघा, ती किती हळू पळतेय. खरंच हळू आहे, कॅमेऱ्यामुळे तसं दिसत नाहीये. बाजूने एक काका चालत चाललेत ना, ते जवळपास तिच्या बरोबरीने आहेत.

मला आधी हे अजिबात कळायचं नाही. फेब्रुवारीत आई एक किलोमीटर सात मिनिटांत काढायची, आता तेच सव्वाआठ, कधी साडेआठ. मी म्हटलं आई तू स्लो होत चालली आहेस, सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या रेसचा घाट आहे, कसं होणार? तिने घड्याळ पुढे केलं. हार्ट रेट १४०. म्हणाली, "फेब्रुवारीत पण १४० च होता ना? मग मी स्लो कुठे झाले, हवा बदलली."

हे नंतर मी वाचलं आणि मग पटलं. पळताना रक्त लागतं पायांच्या स्नायूंना, पण गरमीत तेच रक्त शरीराला कातडीकडे पण पाठवावं लागतं, आतली उष्णता बाहेर टाकायला. त्यात घामाने रक्तातलं पाणी कमी होतं. म्हणजे काम दुप्पट आणि माल कमी, मग हृदय करतं काय, ठोके वाढवतं. फेब्रुवारीच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगाने, आई मेमध्ये पळाली तर हार्ट रेट १५५-१६० ला जातो, म्हणजे जो सोपा रन असायला हवा तो रोज रेससारखा कठीण होतो, आणि रोज रेस पळणारं माणूस सप्टेंबरपर्यंत टिकत नाही.

हे ती पुस्तकातून नाही शिकली. मागच्या वर्षी साताऱ्यात शिकली.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २१ किलोमीटर, शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. पहिला अर्धा भाग चढ, दुसरा उतार. सप्टेंबर म्हणजे कासच्या फुलांचा सीझन, धुकं, रिमझिम, आणि ४५ डिग्रीतून गेलेल्या बाईला ती हवा लागली तेव्हा ती वेडीच झाली. पूर्ण मे-जून तिने दात-ओठ खाऊन स्पीडने प्रॅक्टिस केली होती, आधीच थकलेली होती, आणि तिथे गार हवेत घाट पळतच चढली. वर मस्त पोचली. उतारावर पंधराव्या किलोमीटरला दोन्ही मांड्यांत गोळे आले. शेवटचे सहा किलोमीटर ती कधी चालत, कधी कडेला उभी राहून पाय चोळत आली. ३ तास ६ मिनिटं. मी फिनिशला उभी होते, तिचा चेहरा बघून मी फोन खाली केला, त्यामुळे ते फुटेज नाही माझ्याकडे. परतीच्या ट्रेनमध्ये भुसावळ येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, मग म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात मी हळू पळणार."

तर हा तो उन्हाळा आहे.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे वजनकाटा. निघताना ५८.२, आल्यावर ५७.३, मधे अर्धा लिटर पाणी प्यायलेली. म्हणजे साधारण १.४ लिटर घाम, तेही सूर्य पूर्ण वर यायच्या आत. एक किलो वजन गेलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, इतका सोपा हिशोब आहे, गणिताच्या बाईंना आवडतोच. पण ते सगळं नुसत्या पाण्याने भरायचं नाही हेही ती सगळ्यांना सांगत असते. घामात मीठ जातं, आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, ते जिवावर बेतू शकतं. म्हणून लांब पळायचं असेल तेव्हा बाटलीत लिंबू-मीठ-साखर नाहीतर ओआरएस, आणि घरी आल्यावर आजीच्या हातची ज्वारीची आंबील, ताक-लसूण-मीठ घातलेली, गार. आजीला कांद्याचं काय होतं ते माहीत नाही, पण आंबिलीचा रिकामा ग्लास रोज दिसतो, तेवढ्यावर ती खूश आहे.

गरमीची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, आणि रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. आईचा हार्ट रेट मेच्या दुसऱ्या आठवड्यात खरंच थोडा खाली आला, मी रोज नोंद केली आहे. पण एक गोष्ट लोक चुकीची समजतात, ही सवय साठवून ठेवता येत नाही. गरमी संपली की काही आठवड्यांत ती उतरते. म्हणजे मेमध्ये भाजून घेतलं म्हणून सप्टेंबरमध्ये आपोआप फास्ट, असं काही नसतं. सप्टेंबरला सोबत जातात ते हे सगळे संथ किलोमीटर, न थकता आणि न दुखता जमवलेले.

हे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दुधाचा हिशोब जिथे लिहितात त्याच चौकोनांत आई किलोमीटर लिहिते, दूध निळ्या पेनाने आणि पळणं लाल. मे महिन्यात आठवड्याला ३० च्या वर एकदाही नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे जूनच्या शेवटापर्यंत तिला दुपारी झोप मिळते, आणि ट्रेनिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे असं ती म्हणते.

दुपारी पडदे ओढून आम्ही बसतो तेव्हा ती मला जुन्या गोष्टी सांगते. १९८० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांची सगळ्यात लांब रेस होती १५०० मीटर. बायकांच्या शरीराला याहून जास्त झेपणार नाही असं लोक मानायचे. पहिली महिला मॅरेथॉन झाली १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये, जोन बेनॉइट जिंकली. त्याच ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. आई तेव्हा आठ वर्षांची होती, तिला फक्त उषा आठवते, मॅरेथॉनबद्दल तिला चाळिशीनंतर कळलं. आणि मग ललिता बाबर. माण तालुक्यातल्या मोही गावची, दुष्काळी भाग, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली, मग स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या रेसकडे वळली आणि २०१६ ला रिओमध्ये थेट फायनल, दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक ऑलिंपिक फायनलमध्ये उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय बाई. आई हे सांगताना प्रत्येक वेळी '३२ वर्षांनी' वर थांबते.

आता हा भाग जूनचा. १५ तारीख, रविवार. टेम्परेचर बघा, फक्त २९, म्हणजे नवतपापेक्षा कमी. आकाशात ढग आहेत, पाऊस आला नाहीये, पण हवेत पाणी भरलेलं आहे. मला वाटलं आज मजेत जाईल. उलट झालं. मेची गरमी कोरडी असते, घाम आला की उडतो आणि उडताना शरीर गार करतो. या उमसमध्ये घाम उडतच नाही, नुसता टपकत राहतो. आदल्या रात्री लग्न होतं, झोप चार तास. बाराव्या किलोमीटरला अंबाझरीच्या रस्त्यावर आई एकदम थांबली आणि गाडीचं हँडल धरलं. म्हणाली गरगरतंय. मी कॅमेरा बंद केला, म्हणून पुढे फक्त आवाज आहे, तो माझाच आहे, मी तिला प्रश्न विचारतेय. आज वार कोणता, सतरा आठे किती. ती वैतागून म्हणाली "एकशे छत्तीस", आणि मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

प्रश्न विचारायचं कारण आहे. गरगरणं वेगळं आणि उष्माघात वेगळा. माणूस असंबद्ध बोलायला लागलं, ओळख पटेना, लडखडायला लागलं तर तो उष्माघात समजायचा, शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं. घाम येतोय म्हणजे तसं काही नाही असंही समजू नका, पळणाऱ्याला उष्माघातात घाम सुरू असू शकतो. तेव्हा मिळेल त्या गार पाण्याने, बर्फाने आधी तिथल्या तिथे शरीर गार करायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि ती येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. आईला सावलीत बसवलं, मानेवर ओला दुपट्टा, थोडं मिठाचं पाणी, वीस मिनिटांत ती नॉर्मल. उरलेले दोन किलोमीटर तिने केले नाहीत. मागच्या वर्षीची आई असती तर केले असते, हे मी शंभर टक्के सांगते. कालनिर्णयवर त्या दिवशी तिने १४ खोडून १२ लिहिलं, आणि पुढचे तीन दिवस रिकामे सोडले.

आता चढाचं काय. नागपूर म्हणजे ताटासारखं सपाट, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, आणि सातारा शहरच ७०० च्या आसपास, कासचं पठार तर १२०० च्या घरात. आमच्याकडे घाट म्हणजे सेमिनरी हिल्स. जपानी गार्डनकडचा हा चढ आई जूनच्या शेवटापासून आठवड्यातून एकदा करते, आधी चार फेऱ्या, आता आठ. पण ती वर जाताना चालते! छोटी छोटी पावलं, हात हलवत, भरभर चाल. आणि खाली येताना पळते. बघणारे उलटं समजतात, एका मुलाने तर थांबून विचारलंही. मागच्या वर्षी गोळे चढावर नाही, उतारावर आले होते. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, तिथे तो जास्त दुखावतो, आणि त्याला हळूहळू सवय लावली तर पुढच्या वेळी कमी दुखावतो. म्हणून तिची खरी प्रॅक्टिस उतरण्याची चालू आहे.

सीझनचा प्लॅन असा आहे. सप्टेंबरला सातारा, महाराष्ट्र एक्सप्रेसने, नागपूरला बसलं की न बदलता साताऱ्यालाच उतरता येतं, पूर्ण एक दिवस आणि एक रात्र जाते पण आईला तीच गाडी हवी असते. टायमिंगचं टार्गेट ती सांगत नाही. मला फक्त इतकं म्हणाली की उतार पूर्ण पळत यायचंय. मग ऑक्टोबर हीट, आणि त्यानंतर आमच्याकडची थंडी, जी पळणाऱ्यांसाठी सोनं आहे, तेव्हा २५, २८, ३२ चे लांब रन. आणि जानेवारीचा तिसरा रविवार, मुंबई. पहिल्यांदा पूर्ण ४२.१९५. त्यात परतीच्या वाटेवर ३५ किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ येतो, त्याचे व्हिडिओ आई रात्री बघत बसते. आवाज बंद करून, आजी झोपलेली असते ना.

हा शेवटचा भाग १९ जुलैचा. पाऊस लागलाय, २४ डिग्री, फुटाळ्याचं पाणी वर आलंय. तिला वाटतं मी तिच्या घड्याळाकडे बघत नाहीये. हार्ट रेट १४०. पेस ६ मिनिटं ५५ सेकंद. फेब्रुवारीपेक्षा पाच सेकंद कमी, तितक्याच ठोक्यांत. मी ओरडून तिला सांगितलं, आई, सहा पंचावन्न! तर तिने मागे पण नाही बघितलं, नुसता हात खाली करून दाखवला, म्हणजे हळू चालव, रस्ता ओला आहे. मग पावसाचा जोर वाढला आणि फोन भिजायला लागला, म्हणून मी तो डिक्कीत ठेवला, कांद्यांशेजारी.